रुमालाखालची बोली

राजनंदिनीनं त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत तात्यांचा गुडघा होता.

म्हणजे चष्म्यात. कळंबच्या एक्स-रे सेंटरमधल्या आतल्या खोलीत दिवे मालवलेले, समोर भलामोठा पडदा, पडद्यावर तात्यांचा उजवा गुडघा पांढराशुभ्र... आणि खुर्चीत बसलेल्या त्या मुलाच्या दोन्ही काचांत एकेक इवलासा गुडघा. असलं दृश्य बघून कुणाच्या काळजाचा ठोका चुकत नसतो. राजनंदिनीचाही चुकला नाही. तिला फक्त हसू आलं, आणि ते तिनं दाबलं नाही. हसू दाबायची सवय तिनं बारावीतच सोडून दिली होती.

"काय झालं?" त्यानं वळून विचारलं.

"काही नाही. आमचे तात्या तुमच्या डोळ्यांत भरलेत."

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. गुडघे होते तिथंच होते. मग तोही हसला. जरा उशिरा, पण पुरेपूर.

"डॉक्टर, लई झिजलाय का?" तात्यांनी मागून विचारलं. तात्या म्हणजे तिचे वडील. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मिश्या अजून नोकरीवर असलेले.

"मी डॉक्टर नाही हो. फोटो नीट दिसतोय का, एवढंच बघतो. मी सॉफ्टवेअरवाला."

तेव्हा कुठं राजनंदिनीचं लक्ष पडद्याच्या कोपऱ्यात गेलं. तिथं बारीक निळ्या अक्षरांत लिहिलं होतं – अंतरंग. आणि आता मात्र ठोका चुकला. तीन दिवस ती ज्या कंपनीचा वार्षिक अहवाल रात्रंदिवस वाचत होती, तीच ही अंतरंग.

"हे मिलिटरी हॉस्पिटलांमध्येही आहे ना? पाच वर्षांचा करार?"

तो खुर्चीसकट वळला. "हे मला कळंबात कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं."

"कळंबात का विचारू नये?"

"विचारावं की... मी फक्त तयारीत नव्हतो."

त्याचं नाव अनिरुद्ध. घर तुळजापूरचं, आई शाळेत शिक्षिका, नोकरी पुण्याला. महिनाभर त्याचं काम इकडंच होतं. माजी सैनिकांच्या दवाखान्यातून या सेंटरला जे पेशंट येतात, त्यांचे फोटो घडीभरात दूरच्या मिलिटरी हॉस्पिटलातल्या डॉक्टरला दिसावेत, अशी जोडणी तो करत होता. एवढं ऐकलं आणि तात्या विरघळले.

"पोरा, रविवारी सकाळी चहाला ये. महांतप्पाच्या भुसार दुकानात. आपली सगळी पलटण असती तिथं."

"तात्या, रविवारी..." राजनंदिनी म्हणाली.

"चहाच तर हाय. चहाला काय हुतंय?"

काय होतं ते रविवारी कळलं.

पलटण म्हणजे नऊ माजी सैनिक. पेन्शनीतून दर महिन्याला जो तो आपल्या खात्यात थोडे पैसे शेअरसाठी बाजूला टाकायचा, आणि कुठल्या कंपनीत घालायचे ते मात्र नऊजण मिळून ठरवायचे. बी. कॉम. झाल्यावर राजनंदिनी बसस्टँडजवळच्या एका शेअरच्या ऑफिसात लागली होती. बाजाराची परीक्षाही पास झाली होती. तेवीस वर्षांची होती, पण नऊ मिश्यांसमोर बोलताना तिचा आवाज हलायचा नाही. आजवर तिनं नुसती माहिती गोळा करून दिली होती. यंदा पहिल्यांदा पलटणीनं तिच्याकडं सल्ला मागितला होता. तो द्यायला ती किती आतुर होती, हे तिलाच ठाऊक.

मत द्यायची त्यांची रीत मात्र सगळ्या जिल्ह्यात कुठं सापडायची नाही. सुरुवातीला उघड मत घेतलं की सुभेदार जे म्हणेल तेच हवालदार म्हणायचा आणि शिपाई नुसती मान हलवायचा. बावीस वर्षांची सवय, जाते कुठं? शेवटी तात्यांनी बैलबाजार आणला. तात्यांचे वडील बैलांचे दलाल होते. बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत, रुमालाखाली बोटांनी बोलतात. एक बोट धरलं की एक, अख्खा पंजा धरला की पाच, दोनदा धरला की दहा. आणि बोली संपली, सौदा कबूल, की तळहाताला तळहात दाबून धरायचा. बघणाऱ्याला दिसतो तो फक्त रुमाल. तेव्हापासून पलटण रुमालाखाली मत द्यायची. साठवलेल्या पैशांचे दहा भाग धरायचे, त्यांतले किती या कंपनीत घालायचे तेवढी बोटं. रुमाल तात्यांचा, आणि त्याखालचा हात राजनंदिनीचा. तिला सगळ्यांची मतं कळायची, कुणाला कुणाचं नाही.

त्या रविवारी सोयाबीनच्या पोत्यांवर पलटण बसली होती आणि विषय एकच – अंतरंग.

"हे बग नंदाक्का," महांतप्पा म्हणाले. ते हवालदार होते, आता दुकानदार. "सरहद्द हाय तवर फौज हाय. फौज हाय तवर हाडं मोडणार. हाडं मोडणार तवर फोटू निगणार. मग कंपनी बुडंल कशी?"

"काका, फौज राहील. पण कंत्राट त्याच कंपनीकडं राहील कशावरून? तुमच्या युनिटात कँटीनचा ठेकेदार किती वेळा बदलला?"

महांतप्पांनी मिशी चोळली. "...चारदा. पर ती कँटीन व्हती."

"मला महिना द्या. अहवाल नीट वाचते. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी सल्ला देईन, मग शेवटचं मत. आज नुसता कल बघू."

एकेक हात रुमालाखाली आला. पंजा, पंजा. परत पंजा, पंजा. नऊपैकी आठजणांनी दहाच्या दहा भाग या एकाच कंपनीत टाकायचे म्हटलं. राजनंदिनीनं आकडा मनातल्या मनात दोनदा मोजला. फौजेचं नाव दिसलं की या माणसांच्या डोळ्यांवर कुणी तरी अलगद टोपी ओढायचं.

ती विचारात असतानाच रुमालाखाली दहावा हात आला. मऊ, जरासा घामेजलेला... ना बोट ना पंजा. त्यानं आला तसा तळहाताला तळहात लावला आणि दाबून धरला.

तिनं वर पाहिलं. नुकताच आलेला अनिरुद्ध गुडघ्यांवर बसला होता, डोळे मिटून, देवळातल्यासारखा.

पोत्यांवरून असा हशा उठला की बाहेरची कबुतरं उडाली.

"अरं पोरा," तात्या डोळे पुसत म्हणाले, "ही काय आरती न्हवं."

"सगळे हात घालत होते... मला वाटलं इथला काही रिवाज असेल."

"रिवाजच हाय," महांतप्पा म्हणाले. "सौदा पक्का करून बसलास. बैल न बघता."

अनिरुद्धचे कान तांबडे झाले. हात मात्र अजून तिथंच होता. राजनंदिनीनं तो सोडवला – लगेच नाही, मोजून सांगायचं तर तीन श्वासांनंतर. पण मोजायला तिथं होतं कोण?

मग त्यानं विचारलं, "कसला सौदा चाललाय?"

तिनं सांगितलं. ऐकताच तो उभा राहिला. हातातला चहा त्यानं तसाच पोत्यावर ठेवला, वाफाळता. "मग मी इथं बसणं बरोबर नाही. मी त्याच कंपनीत आहे. माफ करा, तात्या."

आणि गेला.

"चहा तर पिऊन जायचा," तात्या म्हणाले.  राजनंदिनी त्या चहाकडं बघत होती. असा अर्धवट टाकलेला चहा तिला आजवर इतका कधी आवडला नव्हता.

त्यानंतर कळंब एकदम लहान झालं. बसस्टँडपुढच्या हॉटेलात संध्याकाळी तो असायचा आणि तीही. सेंटरच्या दारात तो असायचा आणि नेमकं तात्यांच्या गुडघ्याचं काही तरी राहिलेलं असायचं. तिसऱ्या भेटीत तिनं नियम घालून दिला.

"तुमच्या कंपनीबद्दल जे छापलंय ते मी वाचणार. जे छापलं नाही ते तुम्ही सांगायचं नाही. सांगितलंत तर मला त्यावर सल्ला देता येणार नाही. तो लबाडीचा होईल."

"आणि तुमच्या तोंडून चुकून प्रश्न निघाला तर?"

तिनं पिशवीतून कुंथलगिरीच्या पेढ्यांचा पुडा काढून टेबलावर ठेवला. "तर पेढा तोंडात घालायचा. भरल्या तोंडानं माणूस बोलत नाही."

"महिन्याभरात मला शुगर होईल."

"मग कमी विचारेन."

पण ती विचारायचीच. मुद्दाम.

"तुमचे साहेब हल्ली खुशीत असतात का हो?"

पेढा.

"पुण्याच्या ऑफिसात नवी माणसं घेतायत?"

पेढा.

"तुळजापूरची माणसं एवढी सरळ असतात, की तुम्हीच एकटे?"

त्याचा हात पुड्याकडं गेला आणि थबकला. "हा प्रश्न कंपनीबद्दल नाही."

"मग उत्तर द्या."

"सरळ कसला... आज सेंटरचं काम तीनलाच संपलं. पाच वाजेपर्यंत मी इथंच बसून आहे – तुमचं ऑफिस पाचला सुटतं म्हणून."

आता पेढ्याची गरज तिला पडली.

एक गोष्ट तेवढी तिला उमगत नव्हती. तो भेटला की त्याच्या पिशवीत रोज गुळाची छोटी ढेप असायची. एकट्या माणसाला, भाड्याच्या खोलीत, एवढा गूळ कशाला? विचारलं की तो म्हणायचा, "हा कंपनीचा प्रश्न समजा," आणि पेढा खायचा.

रात्री ती अहवाल वाचायची. शंभर रुपयांच्या कमाईतले बासष्ट एकट्या फौजेकडून. करार येत्या वर्षाअखेर संपणार, मग पुन्हा निविदा. पण जवानांचे लाखो जुने फोटो याच सॉफ्टवेअरमध्ये, ते उचलून दुसरीकडं नेणं म्हणजे भरल्या घराचं बिऱ्हाड हलवणं. इकडं एक, तिकडं एक. तिनं वहीत दोन्ही बाजू मांडल्या. निवाडा मात्र ठेवून दिला शेवटच्या पानासाठी.

मत ठरायच्या रविवारआधी दोन दिवस ती दोघं येडशीला रामलिंगाच्या देवळात गेली. आभाळ आलं होतं. माघातलं अवकाळी, पडतंय की नुसतं भिववतंय ते न कळणारं. पायऱ्यांवरून उतरताना त्याचा फोन वाजला. तो बाजूला जाऊन बोलला, आणि परतला तेव्हा त्याचा चेहरा वेगळा होता.

बारीक थेंब पडू लागले. दोघं झाडाखाली थांबली. तिच्या ओढणीचं टोक त्याच्या खांद्यावर आलं होतं, दोघांनाही ते माहीत होतं, आणि दोघांनीही ते काढलं नाही.

"नंदिनी..." पहिल्यांदाच नुसतं नाव. "तुला एक सांगायचंय. परवा तुमचं मत आहे. त्याच्या आधी तुला कळायला हवं. आत्ता ऑफिसमधून—"

तिनं पेढा त्याच्या तोंडात कोंबला.

त्यानं तो गिळला. "ऐक तरी. मी तुझ्यासाठी सांगतोय."

"म्हणूनच नको."

"फौजेचं नाव बघून पलटण दहाच्या दहा भाग टाकेल, ते दिसतंच आहे. उद्या काही झालं तर—"

दुसरा पेढा. आता तो बोलू शकत नव्हता, पण बघत होता. आणि त्या बघण्यातच सगळा घोटाळा होता. राजनंदिनीला कळलं, की ती त्याचा चेहरा वाचतेय. भुवई वर गेली म्हणजे बातमी चांगली का? ओठ मिटलेत म्हणजे वाईट का? वहीतल्या दोन्ही बाजू डोळ्यांपुढं आल्या, आणि दोन्हींवर या चेहऱ्याची सावली पडली होती. आता ती घ्या म्हणाली तरी ते त्याच्यासाठी असेल, आणि नका म्हणाली तरी त्याच्याचमुळं.

तेवढ्यात फांदीवरून एक माकड उतरलं आणि उरलेला पुडा शांतपणे घेऊन गेलं.

"आता काय घालशील तोंडात?" तो हळूच म्हणाला.

"आता काही नाही. आता तूच गप्प राहशील. मला माहितेय." ती ओढणी सावरत म्हणाली. 'तू' कधी आलं, ते तिलाही कळलं नाही. "मला एक गोष्ट सोडावी लागणार आहे, अनिरुद्ध. लई जपलेली. पण मी सोडीन."

त्यानं विचारलं नाही. शहाणा होता.

रविवारी शटर अर्धं खाली ओढून पलटण बसली. राजनंदिनीनं वही उघडली आणि वाचलं – बासष्ट रुपये, संपणारा करार, लाखो फोटो. दोन्ही बाजू, छापल्या तशा. न अडखळता. मग वही मिटली.

"एवढं सगळं अहवालात आहे, कुणालाही वाचता येतं. माझा सल्ला मात्र मी देणार नाही."

पोती करकरली. तात्या म्हणाले, "का गं? म्हैनाभर डोळं फोडलंस. समदे तुझ्या शब्दासाठी थांबल्यात."

"आमच्या कामात एक नेम आहे. ज्या कंपनीबद्दल सांगायचं, तिच्याशी आपलं काही नातं असलं तर ते आधी उघड करायचं."

"तू शेअर घेतलेस व्हय?"

"नाही." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, आणि सोडून दिलं. तिला लपवायचं काहीच नव्हतं, मग बोटं कशाला लपवायची? "त्या कंपनीतला एक माणूस मला आवडतो."

 नऊ माणसं, कुणी कारगिल पाहिलेलं, कुणी सियाचिन. बघायचं कुणीकडं, ते एकालाही सुचेना. शेवटी महांतप्पा खाकरले.

"म्हंजे... धापैकी किती आवडतो?"

"ते रुमालाखाली सांगीन, काका. तुम्हाला नाही."

तात्या बराच वेळ मिशीशी काही तरी बोलत राहिले. मग त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला आणि स्वतःच्या हातावर टाकला.

"पोरीनं तिचं काम केलं. दोन्ही बाजू मांडल्या, आन आपला हात बाजूला काढला. बॉर्डरवर असं सांगायला मोठमोठ्यांची छाती व्हत न्हाय. आता आपलं डोकं वापरा. फौज तुमची हाय, ठेका तुमचा न्हाय. चला, बोटं."

एकेक हात गेला. या वेळी वेळ लागला. एकजण तर घातलेला हात परत काढून विचार करत बसला. सगळं झाल्यावर तात्यांनी सांगितलं, "सरासरी दोन. दोन भाग घ्यायचं, आठ दुसरीकडं. झालं." आणि राजनंदिनीला हसू आलं. तिनं ठेवून दिलेल्या शेवटच्या पानावर काय आलं असतं, कोण जाणे. पण दहाचे दोन त्यांनी स्वतःच्या डोक्यानं केले होते.

"आता शटर वर करा," तात्या म्हणाले. "मघापासून बाहेर दोन बूट उभे हायत."

शटर वर गेलं. अनिरुद्ध ओट्याखाली उभा होता, पाठीवर बॅग, दुपारच्या गाडीनं पुण्याला निघालेला.

"मी कंपनीचं काही ऐकलं नाही," तो घाईनं म्हणाला. "तो विषय चालला होता तेव्हा कोपऱ्यावर होतो, बोटं सुरू झाली तेव्हा परत तिकडं गेलो. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारा हवं तर."

"आन बाकीचं?" महांतप्पांनी विचारलं.

त्याचे कान तांबडे झाले. "बाकीचं... ऐकलं."

तात्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, त्याच एक्स-रेसारखं. "आईचा फोन नंबर दिऊन जा. बोलावं लागंल त्यांच्याशी. आदी बस हितं." आणि रुमाल झटकून त्यांनी पुढं धरला, राजनंदिनीच्या आणि त्याच्या मधोमध.

तो गुडघ्यांवर बसला. या वेळी डोळे उघडे होते.

"येतंय का?" राजनंदिनीनं विचारलं. "की परत आरती?"

"महांतप्पाकाकांनी शिकवलंय. गूळ घेतल्याशिवाय शिकवत नव्हते. खोलीवर वीस किलो झालाय."

"गूळ कवाबी कामाला येतो," महांतप्पा म्हणाले. "लग्नात तर लई."

रुमालाखाली हात आला. कोरडा, न घाबरलेला. त्यानं तिचं एक बोट धरलं, मग दुसरं, मग तिसरं... सावकाश, जणू घाई करायला कुठली गाडी सुटतच नव्हती. मग अख्खा पंजा. मग थांबला.  मग परत पंजा. आणि तिनं त्याची वाट न बघता आपणच तळहात वळवला, त्याच्या तळहाताला लावला, आणि दाबून धरला.

"काय ठरलं?" महांतप्पांनी मान लांब केली.

"रुमालाखालचं इचारायचं नसतं," तात्या म्हणाले.

चहा आला. सगळ्यांना मिळाला. पण या वेळी दोन पेले भरलेलेच राहिले, कारण ते उचलायला ज्यांचे हात हवे होते ते मोकळे नव्हते... आणि तात्या उघड्या डोक्यानं चहा प्यायले, पण रुमाल काही त्यांनी परत मागितला नाही.